डिथमार्शेन : बांध घालणाऱ्या शेतकऱ्यांचं राज्य

जर्मनीच्या उत्तर भागात, हॅम्बुर्गच्या वायव्येला, डिथमार्शेन नावाचा एक जिल्हा आहे. दक्षिणेला एल्ब नदीचं रुंद मुख, उत्तरेला आयडर नदी, पश्चिमेला उत्तर समुद्र. पूर्वेला एके काळी दलदल आणि घनदाट झाडी होती. आता त्या बाजूने कील कालवा जातो. आज जर्मन माणसाला हे नाव ऐकलं की कोबी आठवतो, कारण मैलोन्‌मैल कोबीची शेतं इथे आहेत. पण १२२७ ते १५५९ या सव्वातीनशे वर्षांत इथल्या शेतकऱ्यांनी राजा, सरदार, जमीनदार यांपैकी कुणालाही डोक्यावर न घेता आपला कारभार आपणच चालवला. आजूबाजूच्या मुलखात शेतकरी वेठबिगारीत दबत चालले होते त्याच काळातली ही गोष्ट आहे.

हे कसं जमलं, असं विचारलं की बहुतेक जण एका मोठ्या लढाईकडे बोट दाखवतात. ती लढाई खरी आहे आणि तिच्याकडे आपण येऊच. पण माझ्या मते या स्वातंत्र्याचं मूळ रणांगणात शोधू नये. ते तिथल्या जमिनीत आहे, आणि त्या जमिनीवर माणसं ज्या पद्धतीने वसली त्यात आहे.

डिथमार्शेनमध्ये जमीन दोन जातींची. आतल्या बाजूला उंचवट्याची, वाळू-खडीची जमीन. हिमयुगात बर्फाच्या थरांनी आणून टाकलेली. तिला गेस्ट म्हणतात. ती कोरडी आणि सुरक्षित, पण पिकाला हलकी. माणूस इथे पाच हजार वर्षांपूर्वीपासून आहे. आल्बर्सडोर्फ गावाजवळ प्रचंड शिळा रचून केलेली त्या काळातली थडगी अजून उभी आहेत. दुसरी जमीन समुद्राकडची. भरतीच्या पाण्याने गाळ आणून टाकला, त्याची साचत साचत तयार झालेली चिकणमाती. ही मार्श. काळी, कसदार, आणि कायम बुडण्याच्या भीतीतली. आपल्याकडे रायगडचा खारेपाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र लगेच समजेल: समुद्राच्या बाजूला मातीचा बांध, बांधात उघाडी, भरतीला तिचं दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं. बांधाला खांड पडली की शेत खारं झालं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास गेस्टवरची काही कुटुंबं खाली मार्शमध्ये उतरली. तेव्हा बांध नव्हते. आधी त्यांनी साध्या जमिनीवरच घरं बांधली. पाणी चढू लागलं तसं शेण आणि चिकणमाती टाकून घराखालची जमीन उंच करत नेली. पिढ्यान्‌पिढ्या असा भराव पडत गेला आणि छोट्या टेकड्या तयार झाल्या. या टेकड्यांना वुर्ट म्हणतात. पुरातत्त्वज्ञांनी त्या खोदल्या तेव्हा ओल्या मातीत टिकून राहिलेली लाकडं, गोठ्यांचे कप्पे, भांडी मिळाली. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं, अशी लांबलचक घरं होती ती. चौथ्या ते सहाव्या शतकात मात्र हा किनारा बराच ओस पडला. या टापूतले अनेक सॅक्सन लोक समुद्र ओलांडून ब्रिटनला गेले, तो हाच काळ. सातव्या-आठव्या शतकात वस्ती पुन्हा सुरू झाली. वेसेलबुरेन हे आजचं गाव अशाच एका मोठ्या वुर्टवर उभं आहे.

सम्राट शार्लमेनने सॅक्सनांशी तीस वर्षं युद्ध केलं आणि ८०४ च्या सुमारास एल्बच्या उत्तरेचा हा मुलूख त्याच्या ताब्यात आला. नवव्या शतकात मेल्डोर्फला चर्च उभं राहिलं. सगळ्या डिथमार्शेनसाठी पुढे बराच काळ तेच मुख्य चर्च होतं.

यानंतर बाराव्या शतकाच्या आसपास सलग बांध घालायला सुरुवात झाली, आणि खरी कलाटणी तिथे आहे. एल्ब आणि वेझर नद्यांच्या काठी इतर ठिकाणी बिशप किंवा सरदार पुढाकार घेत. ते हॉलंडहून कसबी माणसं आणवत, त्यांच्याशी करार करत, जमीन मोजून देत आणि सारा घेत. डिथमार्शेनमध्ये हे काम मुख्यत्वे शेतकऱ्यांच्या कुळांनी केलं. कुळ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एका रक्ताची माणसं येतात. इथली कुळं तेवढीच नव्हती. शपथ घेऊन बाहेरचा माणूसही कुळात येऊ शकत असे. फोग्डेमान, वुर्टमान अशी त्यांची नावं होती. कुळाने मिळून बांध घालायचा, चर खणायचे, पाणी काढायचं आणि निघालेली जमीन आपसात वाटून घ्यायची. कुणाला दंड झाला तर कुळाने भरायचा. कुणाचा खून झाला तर कुळाने वैर घ्यायचं. न्यायसभेत कुणावर आरोप आला तर कुळातल्या माणसांनी उभं राहून त्याच्या निर्दोषपणाची शपथ घ्यायची.

बांधाचा एक स्वभाव असतो. शंभर जणांनी आपापला तुकडा नीट राखला आणि एकाने हयगय केली, तरी पाणी शंभराच्या शेतात येतं. म्हणून या किनाऱ्यावर कडक नियम होता: जो बांध राखणार नाही त्याने जमीन सोडून जावं. ज्याला आपला तुकडा राखणं झेपत नसे तो बांधात फावडं रोवून निघून जाई. जो ते फावडं उपटेल त्याला जमीन मिळे आणि तिच्यासोबत बांधाची जबाबदारीही. हा नियम क्रूर आहे. वादळात सर्वस्व गेलेल्या माणसालाच तो घर सोडायला लावतो. पण त्यातून लोकांना एक सवय लागली. वरच्या हुकुमाची वाट न बघता एकत्र बसायचं, मोजमाप ठरवायचं, कामाची वाटणी करायची आणि चुकणाऱ्याला शिक्षा करायची. राज्य चालवायला याहून वेगळं फारसं काही लागत नाही.

दूरचा धनी

कागदावर हा मुलूख कुणाचा ना कुणाचा होताच. बाराव्या शतकात तो श्टाडेच्या काउंटांकडे होता. त्यातला काउंट रुडोल्फ ११४४ मध्ये डिथमार्शेनकरांच्या हातून मारला गेला. मग सॅक्सनीचा ड्यूक हेन्री 'द लायन' आला, मग ब्रेमेनचा आर्चबिशप, मग डेन्मार्कचा राजा वाल्देमार दुसरा. २२ जुलै १२२७ ला बोर्नह्योवेड इथे वाल्देमारविरुद्ध उत्तर जर्मन सरदारांची आणि ल्युबेक शहराची मोठी लढाई झाली. डिथमार्शेनची तुकडी राजाच्या सैन्यात होती. लढाईच्या मध्येच तिने बाजू बदलली आणि राजा हरला. त्या बदल्यात डिथमार्शेन पुन्हा ब्रेमेनच्या आर्चबिशपकडे गेलं.

ही निवड फार शहाणपणाची होती. आर्चबिशप एल्बच्या पलीकडे, लांब. त्याच्याकडे इथे गढी बांधून सैन्य ठेवण्याची ताकद नव्हती. त्याचे प्रतिनिधी स्थानिक घराण्यांतलेच असत. थोडी खंडणी दिली की तो समाधानी. शेजारच्या होल्श्टाइनच्या काउंटांनी हक्क सांगितला की उत्तर तयार असे: आमचा धनी ब्रेमेनला आहे. काउंटांना ते पटलं नाही. १३१९ मध्ये काउंट गेरहार्ड तिसरा चालून आला. हरत आलेले शेतकरी व्योर्डेनच्या चर्चमध्ये शिरले आणि चर्चला आग लावली गेली. जिवावर उदार होऊन ते बाहेर पडले आणि त्यांनी सैन्य उधळलं. १४०४ मध्ये ड्यूक गेरहार्ड सहावा लूट घेऊन परतताना एका अरुंद वाटेवर गाठला गेला आणि तिथेच मारला गेला.

तोवर खरी सत्ता एकेका चर्चगावाकडे, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या वस्त्यांकडे, होती. प्रत्येक चर्चगावाचे आपले पंच, आपला खजिना. ती परस्पर हॅम्बुर्ग-ल्युबेकशी करारही करत. या भानगडीचा शहरांना वैताग असे, कारण किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल लुटण्यात डिथमार्शेनकर मागे नव्हते आणि तक्रार कुणाकडे करायची हेच कळत नसे. १४४७ मध्ये कायदा लिहून काढला गेला आणि अठ्ठेचाळीस जणांचं न्यायमंडळ नेमलं गेलं. हळूहळू तेच या मुलखाचं सरकार झालं. त्यांची बैठक हाइडे गावच्या मोठ्या मैदानात भरे. ते मैदान आजही मोकळं आहे. जवळजवळ पावणेपाच हेक्टरांचा तो चौक जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या बाजारचौकांत गणला जातो, आणि शनिवारचा बाजार अजून तिथे भरतो.

याला लोकशाही म्हणायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अठ्ठेचाळीस जण तहहयात पदावर असत आणि ते मार्शमधल्या धनाढ्य, धान्य परदेशी विकणाऱ्या शेतकऱ्यांतलेच असत. बायकांना आवाज नव्हता. जमीन नसलेल्या मजुरांना नव्हता. गेस्टवरच्या गरीब शेतकऱ्यांचं वजन कमी होतं. तरीही या मुलखात कुणी कुणाचा जन्मजात मालक नव्हता, आणि पंधराव्या शतकातल्या युरोपात ही साधी बाब नव्हे.

१७ फेब्रुवारी १५००

१४७४ मध्ये सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याने होल्श्टाइनला डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, केलं आणि ती डेन्मार्कचा राजा क्रिस्तियान पहिला याला देताना डिथमार्शेनही तिच्यात घातलं. डिथमार्शेनकरांनी मानलं नाही. क्रिस्तियानच्या मुलांनी, म्हणजे राजा हान्स आणि ड्यूक फ्रेडरिक यांनी, १५०० च्या हिवाळ्यात फौज जमवली. सुमारे बारा हजार माणसं. तिच्यात चार हजारांच्या आसपास भाडोत्री पायदळ होतं, 'काळी गार्ड' नावाचं. युंकर श्लेंट्स त्यांचा म्होरक्या. युरोपभर युद्धं करून ही माणसं मुरलेली होती आणि त्यांच्या नावाची दहशत होती.

हिवाळा निवडला तो विचार करून. मार्शमधले चर आणि दलदल गोठली की घोडे कुठूनही जातात. सैन्याने मेल्डोर्फ घेतलं, तिथे कत्तल केली आणि १७ फेब्रुवारीला हाइडेकडे निघालं. पण त्या दिवसांत हवा फिरली होती. बर्फ वितळत होतं. रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले खोल चर आणि मधे एक अरुंद, चिखलाने भरलेली पट्टी. त्यावर पायदळ, मागे सरदारांचं घोडदळ आणि त्यामागे लुटीसाठी आणलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग. समोरून वारा आणि पाऊस.

वुल्फ इझेब्रांड नावाच्या पुढाऱ्याच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी हेमिंगस्टेड्ट गावाजवळ रात्रीतून रस्त्यावर मातीचा मोर्चा बांधला होता आणि त्यावर तोफा चढवल्या होत्या. मोर्चाला धडकलेल्या फौजेला बाजूला पसरताच येईना. त्यातच शेतकऱ्यांनी उघाड्या खुल्या केल्या आणि समुद्राचं पाणी शेतांत घेतलं. चर कुठे आणि शेत कुठे, हे परक्याला ओळखू येईना. शेतकऱ्यांना मात्र प्रत्येक चर पाठ होता. लांब काठ्या रोवून चर उडत ते चिलखतांनी जड झालेल्या सैनिकांवर तुटून पडले. श्लेंट्स मारला गेला. पायदळ मोडलं, घोडदळाला मागच्या गाड्यांमुळे वळता येईना, आणि जे चरांत पडले ते बुडाले. काही तासांत सगळं संपलं. होल्श्टाइनच्या कितीतरी सरदार घराण्यांतली कर्ती माणसं त्या चिखलात गेली. डेन्मार्कचा राजध्वजही शेतकऱ्यांच्या हाती लागला.

या लढाईभोवती पुढे पुष्कळ दंतकथा जमल्या. झेंडा घेऊन पुढे धावलेली कुमारिका टेल्झे ही त्यांतली सर्वांत लाडकी. १९०० मध्ये त्या जागेवर स्मारकही उभारलं. मला स्वतःला त्या दिवसातलं सर्वांत थरारक वाटतं ते उघाड्या उघडणं. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी बाहेर ठेवण्यासाठी हाडं झिजवली, त्याने स्वतःच्या हाताने ते आत घेतलं. त्यातून जमिनीचं होणारं नुकसान त्याला नीट माहीत होतं. एकट्या कुणाला हा निर्णय घेता येत नाही. तो घेण्याची ताकद त्या बांधाच्या सवयीतून आलेली होती.

पडलं, तरी उरलं

यानंतर हे राज्य साठ वर्षं टिकलं, आणि या साठ वर्षांत ते आतून बदललं. १० डिसेंबर १५२४ ला हाइडेमध्ये हाइनरिश फोन झ्युटफेन या ल्यूथरवादी, म्हणजे पोपची सत्ता नाकारणाऱ्या नव्या पंथाच्या, धर्मोपदेशकाला जाळून मारलं. हा त्या स्वतंत्र मुलखाच्या माथ्यावरचा डाग आहे. पुढच्या दहा वर्षांच्या आतच सगळं डिथमार्शेन ल्यूथरवादी झालं. नव्या धर्मोपदेशकांना कुळांच्या शपथा आणि खूनवैर मंजूर नव्हतं. अठ्ठेचाळिसांपैकी पेटर स्वीन याने कुळाच्या बाजूने डोळे झाकून शपथ घेण्याच्या चालीविरुद्ध भूमिका घेतली आणि १५३७ मध्ये त्याचा खून झाला. लुंडेनच्या जुन्या कबरस्तानात त्याच्या आठवणीचा दगड आहे. ज्या कुळांनी बांध घातले तीच कुळं आता न्यायाच्या आड येत होती, हे स्वीनने ओळखलं होतं.

१५५९ मध्ये राजा फ्रेडरिक दुसरा आणि ड्यूक आडोल्फ व योहान यांनी पुन्हा चढाई केली. सेनापती योहान रांत्साउ अनुभवी होता. त्याने मे-जून निवडला, म्हणजे जमीन कोरडी. फसव्या हालचालींनी त्याने शेतकऱ्यांची फळी विभागली, मेल्डोर्फ घेतलं, मग हाइडे पेटवलं. २० जूनला उरलेल्या पुरुषांनी बोडक्या डोक्याने विजेत्यांपुढे गुडघे टेकले आणि शस्त्रं खाली ठेवली.

तरी शरणागतीच्या अटी वाचल्या तर कळतं की विजेतेही विचार करून वागले. शेतकऱ्यांची जमीन त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्यावर सरदार बसवले नाहीत. बांधाची आणि चर्चगावांची व्यवस्था बरीचशी त्यांच्याच हाती ठेवली. कारण उघड आहे: हा बांध दुसऱ्या कुणाला राखता आलाच नसता, आणि बांध गेला तर कर कसला मिळणार? शेजारच्या पूर्व होल्श्टाइनमध्ये शेतकरी १८०५ पर्यंत भूदास होते. डिथमार्शेनमध्ये ती वेळ कधीच आली नाही.

मुलूख आधी तिघांत वाटला. १५८१ मध्ये त्याचे दोन भाग झाले: उत्तरेचा गोट्टोर्फच्या ड्यूककडे, दक्षिणेचा राजाकडे. १७७३ मध्ये दोन्ही डेन्मार्कच्या राजाकडे आले, १८६४ च्या युद्धात डेन्मार्कच्या हातून गेले आणि १८६७ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याचे झाले. गंमत म्हणजे ती १५८१ ची रेघ या सगळ्या उलथापालथीतून टिकली. उत्तर आणि दक्षिण डिथमार्शेन हे दोन वेगळे जिल्हे १९७० मध्ये एक झाले.

या डॅनिश काळात मेल्डोर्फमध्ये राहिलेला एक माणूस आपल्यासाठी जवळचा आहे. कार्स्टन नीबुर. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला तो मोजणीदार. १७६३ मध्ये तो मुंबईला पोचला. सोबतचा शेवटचा सहकारी, डॉक्टर क्रामर, मुंबईतच वारला आणि नीबुर एकटा उरला. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीची लेणी मोजली आणि त्यांची चित्रं काढली. लेण्यांची इतकी काळजीपूर्वक केलेली चित्रं युरोपात तोवर फारशी गेली नव्हती. परतल्यावर १७७८ मध्ये तो मेल्डोर्फला सरकारी अधिकारी म्हणून आला आणि १८१५ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिला. त्याचा मुलगा बार्टोल्ड पुढे प्राचीन रोमचा मोठा इतिहासकार झाला. रोमन घराण्यांची रचना समजावताना त्याने लहानपणी आजूबाजूला ऐकलेल्या डिथमार्शेनच्या कुळांचा दाखला दिला.

वस्तीचं काय झालं? समुद्राने मोठे घास घेतले. १६३४ चं आणि १७१७ च्या नाताळातलं वादळ ही त्यांतली भयंकर. पण गाळ साचतच होता आणि बांध समुद्राकडे सरकतच होता. ब्युझुम हे बेट होतं, ते १५८५ मध्ये बांधाने जमिनीला जोडलं. समुद्रातून अशा बांधून काढलेल्या पट्ट्याला कोग म्हणतात. आता कोग काढायचे पैसे आणि हुकूम सरकारकडून येत, आणि कुणाची सत्ता होती ते कोगाच्या नावावरून कळतं. १७८७ चा क्रोनप्रिंत्सेनकोग डेन्मार्कच्या युवराजाचा, १८५४ चा फ्रीडरिशकोग डेन्मार्कच्या राजाचा, १८७० च्या दशकातला कैझर-विल्हेल्म-कोग जर्मन सम्राटाचा. आणि १९३५ मध्ये हिटलरने स्वतः येऊन उद्घाटन केलेला आडोल्फ-हिटलर-कोग.

या शेवटच्या नावापर्यंत ही भूमी कशी पोचली, हे टाळून पुढे जाता येणार नाही. १९२० च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले, कर्ज वाढलं, जप्त्या सुरू झाल्या. २८ जानेवारी १९२८ ला डिथमार्शेन ज्या प्रांतात येतं त्या श्लेस्विग-होल्श्टाइनभर लाखाहून जास्त शेतकरी रस्त्यावर उतरले. या रागाला नाझी पक्षाने जुन्या स्वतंत्र शेतकऱ्याच्या अभिमानाची झूल चढवली. देशात इतरत्र हा पक्ष लहान होता तेव्हाच डिथमार्शेनच्या खेड्यांत त्याला भरघोस मतं पडत होती. मार्च १९२९ मध्ये व्योर्डेनमध्ये नाझी आणि कम्युनिस्टांच्या मारामारीत माणसं मेली आणि त्या प्रेतांचाही प्रचार झाला. नव्या कोगात जमीन कुणाला द्यायची ते पक्षनिष्ठा आणि तथाकथित वंशशुद्धी पाहून ठरलं. ज्या मुलखात शपथ घेतलेला बाहेरचा माणूस कुळात सामावून जात असे, त्याच मुलखाच्या नावाने हे झालं. त्या कोगात चर्चऐवजी बांधलेली 'नॉयलांडहाले' ही इमारत आज हाच इतिहास शिकवण्यासाठी वापरली जाते. युद्धानंतर कोगाचं नाव बदलून डीकझांडरकोग केलं.

१९४५ मध्ये पूर्व प्रशिया आणि पोमेरेनियातून निर्वासितांचे लोंढे आले. श्लेस्विग-होल्श्टाइनची लोकसंख्या सोळा लाखांच्या आसपास होती, ती काही वर्षांत पंचवीस लाखांच्या वर गेली. डिथमार्शेनच्या घराघरात अनोळखी कुटुंबं राहिली. काही पुढे पश्चिमेला गेली, बरीच इथलीच झाली.

समुद्रातून जमीन काढण्याचं मोठं काम शेवटचं झालं ते मेल्डोर्फच्या उपसागरात, १९७० च्या दशकात. १९६२ च्या वादळानंतर बांधाची रेघ सरळ आणि आखूड करायची होती. तिथे निघालेल्या श्पायखरकोगात मात्र नवं गाव वसवलं नाही. तिथे जादा पाणी साठवण्याची तळी, शेती आणि पक्ष्यांसाठी राखीव जागा आहेत. बांधाबाहेरचा ओहोटीचा गाळपट्टा १९८५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, म्हणजे आता समुद्राकडे सरकणं थांबलं. समुद्राच्या बांधाचा खर्च राज्य सरकार करतं. आतले चर, पंप आणि उघाड्या सांभाळणाऱ्या संस्था मात्र अजून जमीनमालकांच्याच आहेत. वर्गणी ठरते, माणसं निवडली जातात, आणि पाणी ओहोटीला बाहेर सोडलं जातं. या संस्थांची जिल्हाभराची कचेरी हेमिंगस्टेड्टमध्ये आहे.